तंगडीला एक वर्ष

वकिलाच्या ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात आणि एकदा साठले की कपाटात मावत नाहीत! मी महाडला भाऊसाहेबांच्या ऑफिसात दहा-बारा वर्षं कारकून होतो. पन्नास सालानंतरचा काळ. त्या ऑफिसातल्या खुर्च्या मोडल्या, टाइपरायटरचा 'ळ' झिजला, पण किस्से शाबूत आहेत. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका.

भाऊसाहेब दिवाणी वकील. महाड आणि पोलादपूरच्या खोऱ्यांतले बांधाचे, वाटणीचे, गहाणाचे दावे त्यांच्याकडे. पण मधूनच एखादा हातपाय मोडलेला माणूस जिना चढून येई आणि भाऊसाहेबांच्या कपाळावर आठी पडे. कारण तेव्हाचा कायदा असा, की अंगाला इजा झाली तर भरपाईचा दावा एका वर्षाच्या आत लावायचा. इजा झाली तो दिवस सोडायचा आणि तिथून वर्ष मोजायचं. एक दिवस जास्त झाला की दावा मेला! मग तुमचा पाय दोन जागी मोडलेला असो की चार जागी.

भाऊसाहेब म्हणायचे, "दत्तू, साहेब लोकांनी काय कायदा करून ठेवलाय बघ. जमिनीला बारा वर्षं, गहाण सोडवायला साठ वर्षं, आणि माणसाच्या तंगडीला एक!"

आणि आमचे लोक कसे, तर पाय मोडल्यावर आधी हाडवैद्याकडे जायचे, मग देवाला कौल लावायचे, मग मुंबईच्या भावाला पत्र टाकायचे. वकिलाचा नंबर लागेपर्यंत हाड जुळलेलं असायचं आणि वर्ष उलटलेलं असायचं.

*

एकदा नाते गावचा एक म्हातारा आला. बसला, कनवटीची तंबाखूची चंची काढली. मला वाटलं तंबाखू मळतोय. त्यानं चंचीतून एक दात काढला आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो पुरावा," म्हणाला. "चुलतभावानं ठोसा मारून पाडला. साक्षीदार हायेत."

"कधी पाडला?"

"थोरलीच्या लग्नात. पंगतीत."

आमच्याकडे तारीख कुणीच सांगत नसे. लग्न, बारसं, म्हैस व्यायली, पूल वाहून गेला, अशा खुणा सांगायचे आणि त्यांचं इंग्रजी तारखेत रूपांतर करणं हेच माझं मुख्य काम होतं. मी विचारलं, "थोरलीला मुलं किती?"

"दोन. नि तिसऱ्याला दिवस गेलंत."

भाऊसाहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "आजोबा, इतके दिवस होतात कुठे?"

"दात दुकत हुता तवा राग नव्हता. आता चुलतभावानं आंब्याची फांदी तोडली, तवा राग आला!"

भाऊसाहेबांनी त्याला मुदतीचा कायदा समजावून सांगितला. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं. दात उचलून पुन्हा चंचीत ठेवायला लागला, मग थांबला.

"मंग आता ह्येचं काय करू?"

"कौलावर टाका," भाऊसाहेब म्हणाले. "नवीन येईल!"

म्हातारा जाताना खरंच आमच्या कौलांकडे बघत गेला.

*

महाडजवळ एक भाताची गिरणी होती. मालकाचं नाव सांगत नाही, नातू अजून बाजारात भेटतात. माणूस अंगानं बारीक, बोलायला गोड, आणि कायदा पाठ. त्याच्या गिरणीत भात भरडायला आलेल्या एका शेतकऱ्याच्या पायावर पोत्यांची थप्पी कोसळली. शेतकऱ्याचं नाव गोविंदा. घोटा पार चेचला. नांगरामागे चालणारा माणूस काठीवर आला.

गोविंदा कोर्टात गेला नाही. आमच्याकडे आधी गावकी बसते. गिरणीवालाही म्हणाला, "गावकी सांगेल ते मला मान्य." त्यानं सगळ्यांना गिरणीच्या पडवीत बसवलं आणि चहा मागवला. आल्याचा, दुधाचा, बशीभर बिस्किटं!

पहिल्या बैठकीत ठरलं, की पेरण्या होऊ देत. दुसरीत ठरलं, की गणपतीला मुंबईकर येतील, त्यांच्यासमोर बोलू. मुंबईकर आले, त्यांनी चहा घेतला, बिस्किटांची तारीफ केली आणि म्हणाले, "ऐसा जल्दी में फैसला नको." मग गिरणीवाल्याची आत्या वारली. मग कापणी. मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न. दर बैठकीत गिरणीवाला गोविंदाच्या पायाची विचारपूस करी, स्वतःच्या हातानं त्याला कप देई आणि म्हणे, "शिमगा झाला की मिटवून टाकू." गोविंदा घरी जाऊन बायकोला सांगे, "मानूस देव हाय गो!"

असं करता करता शिमगा गेला, पाडवा गेला. एके दिवशी गावकी ठरल्याप्रमाणे गिरणीच्या पडवीत जमली. अर्धा तास झाला. गिरणीवाला आत भात तोलत होता. शेवटी गावच्या पोलीस पाटलानं हाक मारली, "शेट, आज च्या नाय काय?"

आतून उत्तर आलं, "आजपासून नाय."

गोविंदा काठी टेकत आमच्याकडे आला तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला अपघाताचा दिवस विचारला नाही. विचारलं, "चहा कधी बंद झाला?"

"काल."

"मग मुदत परवा संपली," भाऊसाहेब म्हणाले. मी हिशेब करून बघितला. बरोबर परवाच संपली होती!

त्या दिवशी भाऊसाहेब खूप चिडले होते. गिरणीवाल्यावर कमी, गावकीवर जास्त. "एवढी वीस माणसं वर्षभर चहा प्यायली, एकालाही शंका आली नाही?" असं ते दोन दिवस पुटपुटत होते. मग मात्र त्यांनी एक नियम केला. लंगडत आलेल्या कुठल्याही माणसाला ते आधी विचारत, "समोरचा फार गोड बोलतोय का?" हो म्हटलं, की मला म्हणत, "दत्तू, टाइपरायटर काढ!"

*

कायद्यात एक सवलत होती. इजा झाली तेव्हा माणूस अठराच्या आतला असेल, तर वर्ष तो अठराचा झाल्यावर सुरू होई. ही बातमी खेड्यात कशी पोचली देव जाणे, पण पोचली.

पोलादपूरकडचा एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा पाच-सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या झाडावरून ढकलला गेला होता, कोपर वाकडं होतं. बाप शपथेवर सांगत होता, "सायेब, पोरगा अजून ल्हान हाय. सतरावं चालू हाय."

मुलाच्या मिशा भाऊसाहेबांपेक्षा झुपकेदार होत्या. भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दिली. तेवढ्यात जिन्यावरून एक दोन वर्षांची चिमुरडी दुडदुडत वर आली आणि त्या 'लहान' मुलाच्या मांडीवर चढून म्हणाली, "बाबा, खाऊ!"

बाप म्हणाला, "आमच्यात लग्न लवकर व्हतात."

*

आता पुराचा किस्सा. तुडीलचा धोंडू नावाचा शेतकरी. शेजाऱ्यानं बैलगाडी भरधाव हाकली आणि चाक धोंडूच्या पायावरून गेलं. दावा टाइप करून तयार, फक्त धोंडूचा अंगठा बाकी. आणि मुदतीचा शेवटचा दिवस नेमका ऐन श्रावणात. त्या दिवशी सावित्री नदी बाजारपेठेत शिरली!

कायद्यात असं, की शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा चालतो. पूर आला, माणूस अडकला, याला माफी नाही. कोर्ट बंद पाहिजे. त्यामुळे त्या सकाळी अख्खं महाड 'पाणी उतरू दे' म्हणून नदीला नारळ देत होतं आणि आमच्या ऑफिसात आम्ही दोघं 'अजून वीतभर चढू दे' म्हणून खिडकीतून बघत होतो!

दुपारी मी गुडघाभर पाण्यातून कोर्ट बघायला गेलो. कोर्ट उघडं होतं. दावे दाखल करून घेणारे शिरस्तेदार पाय वर घेऊन टेबलावर मांडी घालून बसले होते. मला बघून म्हणाले, "काय काम?" मी म्हटलं, "काही नाही, कोर्ट बंद आहे का बघायला आलो." ते म्हणाले, "मी असताना?"

चार वाजता धोंडू होडीतून आला. होडी थेट आमच्या जिन्याला लागली. अंगठ्याचं शाईचं पॅड भिजून गेलेलं, म्हणून कंदिलाच्या काजळीनं अंगठा उठवला. मी दावा डोक्यावर धरून, वर छत्री, असा त्याच होडीतून कोर्टात गेलो. होडी वळताना तोल गेला. मी पडलो नाही, पण छत्री पडली.

शिरस्तेदारांनी घड्याळ बघितलं. "कामकाज संपायला दहा मिनिटं आहेत. मुदतीत आहे." मग कागद दोन बोटांत धरला. "पण ओला आहे. वाळवून आणा!"

कोर्टासमोर उंच ओट्यावर चहाचं दुकान होतं. तिथली बाई भाकऱ्या भाजत होती. पुढचं काय ते तुम्ही समजलातच. पाच मिनिटांत मी गरम दावा घेऊन परत आलो.

दोन महिन्यांनी दावा सुनावणीला निघाला. जज्जसाहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि चष्मा काढला. "वकीलसाहेब, दाव्याला हे तपकिरी डाग कसले?"

भाऊसाहेब उठून उभे राहिले. "भाजल्याचे, साहेब. पण मुदतीत भाजलाय!"

*

आता भाऊसाहेबांची स्वतःची गोष्ट. ते हयात असते तर मी सांगितली नसती.

एकदा जागेची पाहणी करायला पोलादपूरच्या वरच्या अंगाला गेले होते. हातात फाईल, डोक्याला काळी टोपी. तिथल्या एका अशिलाच्या म्हशीला ती टोपी आवडली नाही. तिनं भाऊसाहेबांना शेणाच्या खड्ड्यापर्यंत नेलं! दोन बरगड्यांना मार बसला. मालक हात जोडून उभा. भाऊसाहेब तशाच अवस्थेत गरजले, "सोडणार नाही! एक वर्ष आहे माझ्याकडे! वर्षाच्या आत दावा लावतो!"

ऑफिसात आल्यावर फाईल उघडली. वादी म्हणून स्वतःचं नाव घातलं. मग दुसऱ्या कुणाची तरी मुदत संपत होती, तिकडे लागले. मग तिसऱ्याची. ती फाईल टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर आम्ही वर्षभर पानाचा डबा ठेवत होतो. मीही आठवण केली नाही, हे कबूल करतो. म्हशीनं चूक केली असं मला मनापासून वाटत नव्हतं.

एके दिवशी सकाळी तो म्हशीचा मालक दारात उभा. हातात पितळी डबा, वर केळीचं पान. वर्षभर हा माणूस महाडच्या बाजारात आम्हाला बघून गल्ली बदलत असे. भाऊसाहेबांनी झाकण उघडलं. आत खरवस, वर वेलदोडा.

"म्हैस याली," तो म्हणाला. "परवाच आनला असता, सायेब. पन म्हटलं दोन दीस जाऊ दे, तुमचं वरीस पुरं होऊ दे. आता खायाला तुमालाबी हरकत नाय, मलाबी नाय."

भाऊसाहेबांनी कॅलेंडर बघितलं. मग मला म्हणाले, "दत्तू, दोन बशा आण."

*

हा शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी. तिथली भागीरथी. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. गवताचे भारे कापायचे, डोक्यावरून पोलादपुराला आणून विकायचे, यावर घर चाले. तिथे एका ठेकेदार शेटची कोळशाची वखार होती. शेट मुंबईचा, महिन्यातून एक-दोनदा यायचा. एका धुळवडीच्या दिवशी शेटचा ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरनं बघितलंच नाही. भागीरथी भारा टेकवून गडग्याला हात लावून उभी होती. ट्रकचा फाळका आणि गडग्याचे दगड यांच्यात तिचा उजवा हात सापडला. तो हात पुन्हा मुठीत वळला नाही. विळा धरता येईना. आणि विळा नाही तर चूल नाही.

ती आमच्याकडे आली पुढच्या होळीच्या आदल्या दिवशी. बरोबर मुंबईहून शिमग्याला आलेला दीर. तो म्हणाला, "वकीलसायेब, टाईम बरोबर पकडला हाय. धुळवडीला हात गेला, परवा धुळवड. वरीस पुरं व्हायला दोन दिवस बाकी!"

भाऊसाहेब माझ्याकडे बघायला लागले. माझ्याही लक्षात आलं होतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता. एरवी आपला शिमगा इंग्रजी तारखेच्या अकरा दिवस अलीकडे सरकतो, पण अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. आणि कोर्ट चालतं इंग्रजी तारखेवर. मी बोटं मोजली. मुदत संपून सतरा दिवस झाले होते.

भाऊसाहेबांनी कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. अर्धा तास पानं उलटली. मग विचारलं, "बाई, या वर्षात तुम्हाला कधी वेड लागलं होतं का?"

"नाय वो."

"लागायला हवं होतं," ते म्हणाले आणि पुस्तक मिटलं. वेड लागलेल्याला मुदत वाढवून मिळत असे. शहाण्या माणसाला नाही.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. भागीरथीनं पदराखालचा हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. "म्हंजे माजा हात आता मोडल्यालाच नाय?"

"कायद्यानं नाही, बाई."

मला त्या दिवशी माझ्या नोकरीची लाज वाटली. ती रडली नाही. उठली आणि दिराला म्हणाली, "चला भावजी, उद्या होळी हाय."

धुळवडीला काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. शिमग्यात कुणीही कुणाच्याही दारापुढे बोंब मारावी आणि ऐकणाऱ्यानं राग धरू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. भागीरथी वाडीतल्या पस्तीस-चाळीस बायका घेऊन वखारीपुढे उभी राहिली. शेट नेमका तिथेच होता. बोंब मारायला उजवा हात तोंडावर आपटतात. तिनं डावा वापरला. "शेटच्या ट्रकनं हात खाल्ला गोऽऽ!" आणि मागून चाळीस जणींची बोंब! सकाळपासून ऊन चढेपर्यंत. सगळं पोलादपूर गोळा झालं.

चौथ्या दिवशी शेट आमच्या ऑफिसात. "अब्रुनुकसानीचा दावा लावायचा आहे."

"तुमचं वकीलपत्र मी घेणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. "पण एक विचारतो. ती म्हणते ते खोटं आहे का?"

शेटनं खिशातून रुमाल काढला.

"खोटं असेल तर दुसरा वकील बघा आणि जरूर दावा लावा. अब्रूलाही एकच वर्ष असतं, तुम्ही तर चौथ्या दिवशी आलात! फक्त मग ती उत्तर द्यायला कोर्टात येईल आणि तो हात जज्जसाहेबांच्या पुढे ठेवेल. दावा लावायला मुदत असते, शेट. उत्तर द्यायला नसते."

शेटनं रुमालानं मान पुसली. "तिला गप्प करायला काय लागेल?"

रंगपंचमीला भागीरथीला बोलावलं. तिनं वर्षाचं खायचं भात मागितलं, तिचं आणि दोन मुलींचं. शेट लगेच तयार झाला. म्हणाला, "लिहा. भात मिळेल, आणि बाई पुन्हा कधीच बोंब मारणार नाही. कायमचं लिहा."

"कायमचं नाय," भागीरथी म्हणाली.

"मग किती?"

"मला कायद्यानं वरीसच दिलं हुतं. तुमालाबी वरीसच. वरीस सरायच्या आत पुढल्या वरसाचं भात घेऊन या, मी पुढलं वरीस गप ऱ्हाते."

शेट भाऊसाहेबांकडे बघायला लागला. भाऊसाहेब छताकडे बघत होते. मी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "वर्ष कुठलं लिहू? इंग्रजी की आपलं?"

"आपलं लिवा, दत्तूभाऊ. शिमगा ते शिमगा. त्येच्यात माजी चूक व्हायाची नाय."

शेटनं सही केली. खिशातून डायरी काढली, त्या वर्षीच्या धुळवडीची इंग्रजी तारीख विचारून घेतली आणि ठळक अक्षरांत लिहून ठेवली. मी बघितलं. भाऊसाहेबांनीही बघितलं. आम्ही दोघं काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी मी शिमग्याला मुद्दाम पोलादपूरला गेलो. धुळवडीच्या सकाळी बायका वखारीपुढे येऊन उभ्या राहिल्या. गलका ऐकून शेट आतून डायरी घेऊन धावत आला. "अजून अकरा दिवस आहेत!" तो ओरडत होता. "हे बघा, इथे लिहिलंय! भात पुढच्या आठवड्यात भरणार आहे! अकरा दिवस आहेत अजून!"

भागीरथीनं ती डायरी नीट बघितली. मग डावा हात तोंडावर नेला.